न दिसलेल्याचा हिशोब ठेवणारा माणूस : गुस्टाव्ह फेक्नर

सबमिशनच्या दिवसांत रात्री बारा-साडेबाराला डोकं चालेनासं झालं की आपण हॉस्टेलच्या गच्चीवर जातो. समोर कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या, त्यांच्यावरचे लाल दिवे, खाली केंद्राचा झगझगाट. मान वर केली तर आकाशात मोजून दहा-बारा चांदण्या. ज्यांचं घर मेळघाटात किंवा भामरागडकडे आहे त्या मित्रांना विचारा. ते सांगतील, आकाश असं रिकामं नसतं राजा!

मग बाकीच्या चांदण्या जातात कुठे? कुठेच जात नाहीत. त्यांचा उजेड या घडीलाही आपल्या डोळ्यांत पडतोच आहे. मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा पडतो. फक्त भोवतालच्या उजेडात त्याची भर इतकी थोडी असते की ती आपल्याला कळत नाही.

आता खरा प्रश्न. जे डोळ्यांत पडलं पण कळलं नाही, त्याचं पुढे काय होतं? ते मनाच्या दारातूनच परत फिरतं, की गुपचूप आत येऊन बसतं? आणि माणूस स्वतःच जर मला काही दिसलं नाही म्हणत असेल, तर ते आत आलं की नाही हे शोधायचं तरी कसं? मनात डोकावायला काही मल्टिमीटरचे प्रोब लावता येत नाहीत!

या प्रश्नाला ज्याने पहिल्यांदा मोजपट्टी लावली तो माणूस मुळात आपल्यासारखाच फिजिक्सवाला होता. मोजपट्टी लावण्याआधी त्याला स्वतःला जवळजवळ तीन वर्षे डोळे बांधून अंधारात काढावी लागली होती. त्याचे नाव गुस्टाव्ह थिओडोर फेक्नर. आपल्या सिलॅबसमध्ये त्याचे नाव येत नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकात मात्र तो पहिल्या एक-दोन प्रकरणांतच भेटतो. त्याचीच ही कहाणी.

पाद्र्याचा मुलगा

फेक्नरचा जन्म १९ एप्रिल १८०१ रोजी ग्रॉस-झेर्खेन नावाच्या एका खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा जर्मन मुलखात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील गावचे पाद्री, पण विचारांनी फार पुढचे. त्यांनी चर्चच्या मनोऱ्यावर वीज पडू नये म्हणून तडितरक्षक बसवला, तेव्हा पाद्रीबाबांचा देवावर भरवसा उरला नाही की काय, अशी कुजबुज गावात सुरू झाली. देव आणि भौतिकशास्त्र एकाच छपराखाली नांदू शकतात हा धडा गुस्टाव्हला घरातूनच मिळाला.

पण वडिलांचा सहवास त्याला फार लाभला नाही. तो पाच वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे नात्यातल्याच एका पाद्र्याने त्याला काही वर्षे सांभाळले. १८१७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो वैद्यकीय शिक्षणासाठी लाइपझिगच्या विद्यापीठात आला आणि मग सत्तर वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तिथलाच झाला.

डॉक्टरकीची पुस्तकं वाचता वाचता त्याचा डॉक्टरकीवरचा विश्वासच उडाला. त्या काळी आयोडीन हे औषध नवे होते आणि डॉक्टर मंडळी ते ज्याला त्याला देत सुटली होती. फेक्नरने १८२१ साली डॉक्टर मिझेस या टोपणनावाने एक पुस्तिका काढली आणि चंद्र हा आयोडीनचाच बनलेला आहे असे त्यात सप्रमाण 'सिद्ध' केले! १८२५ साली याच नावाने त्याने देवदूतांच्या शरीररचनेवर लिहिले. देवदूत सर्वांत परिपूर्ण, आणि सर्वांत परिपूर्ण आकार गोलाचा, म्हणून देवदूत चेंडूसारखे गोल असले पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद. आपल्या मॅगझिनमध्ये टोपणनावाने सरांची फिरकी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ही परंपरा जुनी आहे.

कामाचा डोंगर

डॉक्टरकी सुटली आणि फेक्नर भौतिकशास्त्राकडे वळला. पैसा नव्हता. पोटासाठी त्याने भाषांतरे घेतली. फ्रेंच शास्त्रज्ञ बिओचे भौतिकशास्त्र आणि थेनारचे रसायनशास्त्र, असे जाडजूड ग्रंथ त्याने जर्मनमध्ये आणले. त्यातूनच तो फिजिक्स शिकला आणि शिकवू लागला.

इथे आपल्या ओळखीचं एक नाव येतं. ओहमने आपला नियम १८२७ साली मांडला तेव्हा जर्मनीत त्याचे फारसे कौतुक झाले नव्हते. फेक्नरने बॅटरीच्या परिपथांवर पद्धतशीर मोजमापे घेतली आणि १८३१ साली ती छापली. ओहमच्या नियमाला भक्कम आधार देणाऱ्या सुरुवातीच्या कामांत ते गणले जाते. फर्स्ट इयरला आपण ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल अर्ध्या तासात उरकतो, तेव्हा कुणीतरी ते मन लावून केलं होतं हे ध्यानात असू द्यावं.

१८३३ साली त्याचे लग्न क्लारा फोल्कमानशी झाले. १८३४ साली तो लाइपझिगला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तरी कामाचा हव्यास सुटेना. याच सुमारास त्याने घरगुती ज्ञानाचा आठ खंडांचा कोश संपादायला घेतला आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश मजकूर स्वतःच लिहिला. दिवसा लेक्चर, रात्री दिव्याखाली लेखन. डोकं दुखायचं, झोप लागायची नाही, पण थांबायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं.

सूर्याकडे पाहणारा माणूस

त्यातच १८३८ च्या सुमारास त्याला डोळ्यांच्या अभ्यासाची गोडी लागली. तुम्ही कधी पाहिलं असेल, बल्बकडे टक लावून पाहिलं आणि डोळे मिटले तरी त्याचा ठिपका बराच वेळ दिसत राहतो, रंगही बदलतो. बाहेर काहीच नाही, तरी दिसतंय! फेक्नरला याचे फार नवल वाटले. हे रंग कसे बदलतात ते पाहण्यासाठी तो स्वतःवरच प्रयोग करू लागला. त्यासाठी तो रंगीत काचांमधून थेट सूर्याकडे पाहत असे.

आधीच थकलेले शरीर आणि त्यात हा प्रकार! १८३९ च्या अखेरीस तो कोलमडला. डोळ्यांना उजेडाचा किरणही सोसवेना. वाचन बंद, लेखन बंद, शिकवणे बंद. प्राध्यापकपद सुटले. त्याच्या जागी पुढे विल्हेल्म वेबर आला. मॅग्नेटिक फ्लक्सच्या एककाला ज्याचे नाव आहे, तोच हा वेबर.

फेक्नर काळ्या रंगाच्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून बसून राहू लागला. क्लारा त्याला वाचून दाखवायची, पण पुढे तेही डोक्याला झेपेना. विचारांवर ताबा राहीना. एखादा क्षुल्लक विचार डोक्यात शिरला की तासन्‌तास फिरत राही. अन्न जाईना. अंगावर नुसती हाडं राहिली. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा ओळखीच्या एका बाईला स्वप्न पडले की आपण फेक्नरसाठी मसालेदार कच्चे हॅम ऱ्हाइन वाइन आणि लिंबाच्या रसात मुरवून देतो आहोत. तिने खरोखरच ते करून पाठवले. फेक्नरने भीतभीत चव घेतली, आणि काय आश्चर्य, ते त्याला पचले! हळूहळू अंगात ताकद आली. पण डोळे बांधलेलेच.

ऑक्टोबर १८४३ मध्ये एके दिवशी तो बागेत गेला आणि त्याने डोळ्यांवरची पट्टी काढली. इतक्या काळानंतर उजेडात पाहिलेली ती फुलं त्याला आतून उजळल्यासारखी भासली. फुलांनाही जीव आहे, मन आहे, असे त्याला मनापासून वाटले. पुढे १८४८ साली त्याने वनस्पतींच्या मनावर चक्क एक पुस्तक लिहिले. लोकांनी टिंगल केली. (आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी वनस्पतींचे प्रतिसाद यंत्रांवर उमटवून दाखवले ते यानंतर अर्ध्या शतकाने. तो अर्थात वेगळा विषय.)

मला इथे थांबावंसं वाटतं. डोळे गेले म्हणून माणूस डोळ्यांचा नाद सोडून देईल की नाही? फेक्नरने सोडला नाही. अंधारातून तो एक मोठा प्रश्न घेऊन बाहेर आला. बाहेरचे जग आणि आतले मन यांना जोडणारा धागा कोणता? आणि तो मोजता येईल का?

२२ ऑक्टोबर १८५०

उत्तर त्याला अंथरुणात सापडले. २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी, उठण्याआधी पडल्या पडल्या त्याच्या मनात आले की बाहेरची ऊर्जा आणि आतली जाणीव एकाच प्रमाणात वाढत नसणार. बाहेर पटीने वाढ झाली की आत फक्त पायरीने वाढ होत असणार. म्हणजे आपल्या भाषेत, लॉगॅरिदम!

साधं उदाहरण घेऊ. लाइट गेली आहे आणि खोलीत एक मेणबत्ती जळते आहे. दुसरी लावली तर फरक लगेच कळतो. पण शंभर मेणबत्त्या जळत असताना एकशे एकावी लावली तर? कुणाला पत्ताही लागणार नाही. भर तेवढीच, पण कळण्यात जमीन-अस्मानाचा फरक. त्याच्याच विद्यापीठातल्या अर्न्स्ट वेबरने (फ्लक्सवाल्या वेबरचा हा थोरला भाऊ) हाताने वजने उचलून असेच दाखवले होते की फरक कळायला मूळ वजनाच्या ठरावीक हिश्श्याएवढी भर लागते. फेक्नरने त्यावर गणित उभारले. आवाजासाठी आपण वापरतो ते डेसिबल आणि ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती ही दोन्ही मापे लॉगॅरिदमिकच आहेत, हे इथे आठवावं.

फेक्नरने यासाठी आकाशातल्या ढगांचाही उपयोग केला. शेजारच्या दोन ढगांत जेमतेम कळेल एवढा उजेडाचा फरक असला की तो काळपट काचेतून पुन्हा त्यांच्याकडे पाही. काचेमुळे दोन्ही ढगांचा उजेड घटला, फरकही घटला, पण तो जेमतेम कळायचा तो कळतच राहिला. कारण प्रमाण तेच होते. एका काचेच्या तुकड्याने केलेला हा प्रयोग! बजेट शून्य.

तीन पद्धती

१८६० साली फेक्नरचा मनोभौतिकीवरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातला नियम गाजला, पण माझ्या मते त्यातली खरी ठेव म्हणजे मोजण्याच्या तीन पद्धती. मोबाईलच्या स्क्रीनचं उदाहरण घेऊन त्या समजून घेऊ.

पहिली, मर्यादेची. ब्राइटनेस शून्यापासून थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि पहिल्यांदा दिसलं तो आकडा लिहायचा. मग उलट, कमी करत आणायचा आणि दिसेनासं झालं तो आकडा लिहायचा. अनेक वेळा करून सरासरी काढली की मिळतो तो जाणिवेचा उंबरठा.

दुसरी, सरासरी चुकीची. दोन मोबाईल शेजारी ठेवायचे आणि एकाचा ब्राइटनेस दुसऱ्याइतका स्वतः जुळवायचा. दर वेळी थोडी चूक होतेच. ती किती होते आणि कोणत्या बाजूला होते हे मांडायचे.

तिसरी, बरोबर-चूक उत्तरांची. दोन गोष्टी समोर ठेवायच्या. जास्त कोणती एवढेच विचारायचे, आणि शेकडो वेळा विचारून किती उत्तरे बरोबर आली ते मोजायचे. वजनांवरच्या अशा प्रयोगात फेक्नरने २४ हजारांच्या वर तुलना नोंदवल्या. वजने उचलणाराही तोच आणि नोंद ठेवणाराही तोच. उजवा हात, डावा हात, आधी कोणते वजन, नंतर कोणते, सगळे आलटून पालटून. एरर अॅनालिसिसचा पहिला धडा यापेक्षा चांगला कुठे मिळणार?

या तिसऱ्या पद्धतीत एक मोठी गंमत लपलेली आहे. इथे माणसाला काय वाटलं यापेक्षा त्याचं उत्तर बरोबर आलं का, हे महत्त्वाचं ठरतं. त्याच्या मनात शिरायची गरजच नाही. आपण नुसता हिशोब ठेवायचा.

उणे आकड्यांचं काय?

आता फेक्नरचे समीकरण मांडून पाहा. संवेदना = स्थिरांक × लॉग (उद्दीपक ÷ उंबरठा). उद्दीपक उंबरठ्याइतका असला की लॉग एक, म्हणजे शून्य, संवेदना शून्य. पण उद्दीपक उंबरठ्याहून कमी असला तर? उत्तर उणे येते!

दुसरा कुणी असता तर इथे समीकरण लागू पडत नाही म्हणून मोकळा झाला असता. आपण परीक्षेत असं उत्तर आलं की गुपचूप उणे चिन्ह खोडतो. फेक्नरने मात्र ते चिन्ह गंभीरपणे घेतले. त्याच्या मते ते उणे म्हणजे अबोधाची खोली होती. आकडा जितका उणे, तितके ते उद्दीपक जाणिवेपासून दूर. दिवसाच्या आकाशातली चांदणी नाहीशी झालेली नाही, ती उंबरठ्याच्या खाली आहे. तसेच मनातही खूप काही उंबरठ्याच्या खाली चालू असते. यावर खूप टीका झाली. फेक्नर शांतपणे उत्तरे देत राहिला. आपली इमारत पाडायची कशी यावरच विरोधकांचे एकमत होत नाही, तोवर ती उभीच राहणार, अशी थट्टाही त्याने केली.

पण मित्रांनो, इथे फेक्नरच्या हातून एक गोष्ट निसटली. बरोबर-चूक पद्धतीत माणूस कधी कधी काही सांगता येत नाही म्हणायचा. अशी शंकेची उत्तरे फेक्नर अर्धी बरोबर आणि अर्धी चूक अशा दोन खात्यांत वाटून टाकायचा. म्हणजे त्यांत माहिती काहीच नाही, असे त्याने धरून चालवले. अबोध मनावर ज्याचा एवढा विश्वास, त्याच्याच हिशोबाच्या वहीत ते या शंकेच्या रकान्यात दडून बसले होते!

तो रकाना उघडला अमेरिकेत, चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो या दोघांनी, १८८४ साली. त्यांनी सांगता येत नाही हे उत्तरच बंद केले. फरक कळो न कळो, अंदाज सांगायचाच. आणि आपल्याला किती खात्री वाटते तेही शून्य ते तीन या आकड्यात सांगायचे. वजन आधी वाढवायचे की कमी करायचे हे पत्ते पिसून ठरवले जाई, म्हणजे कुणाला आधी सुगावा लागू नये. निकाल असा आला की खात्री शून्य असतानासुद्धा अंदाज निम्म्याहून बरेच जास्त वेळा बरोबर येत होते. माणूस म्हणतो मला काहीच कळलं नाही, आणि त्याचं उत्तर म्हणतं कळलं!

फेक्नरनंतर

हे झाले हातावरच्या दाबाबद्दल. डोळ्यांचे काय? १८९८ साली बोरिस सिडिस याने कार्डांवर अक्षरे आणि आकडे छापले आणि ती इतक्या लांब धरली की पाहणाऱ्याला नुसता पुसट ठिपका दिसावा. तरी अंदाज सांगायला लावल्यावर उत्तरे योगायोगापेक्षा जास्त बरोबर आली. १९७४ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत मेंदूचा दृष्टीचा काही भाग काढल्यामुळे त्याला एका बाजूचे दिसत नव्हते. पण त्या बाजूला ठेवलेल्या वस्तूकडे अंदाजाने बोट दाखवा म्हटले की बोट बरेचदा बरोबर जागी जाई. आपण इतके बरोबर आहोत हे कळल्यावर त्यालाच आश्चर्य वाटले. निरोगी माणसांसाठी चित्र क्षणभर दाखवून लगेच त्यावर दुसरे चित्र आणून ते झाकायची युक्ती वापरली जाते. २००५ साली आणखी एक युक्ती आली. एका डोळ्यापुढे भडक नक्षी भराभर बदलत ठेवायची आणि दुसऱ्या डोळ्यापुढे स्थिर चित्र धरायचे. ते चित्र कित्येक सेकंद जाणिवेत येतच नाही.

या विषयात भोंदूगिरीही भरपूर झाली. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने सांगितले की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना कळणार नाही इतक्या कमी वेळात संदेश चमकवून त्याने पॉपकॉर्न आणि कोकचा खप वाढवला. जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यानेच कबूल केले की आपल्याकडे सांगण्यासारखी आकडेवारीच नव्हती. ती गोष्ट मात्र अजूनही फॉरवर्ड होत फिरते!

खऱ्या संशोधकांतही वाद आहेत. मला दिसलं नाही हे माणसाचं म्हणणं प्रमाण मानायचं, की त्याची उत्तरं नुसत्या योगायोगाइतकी घसरतील तेव्हाच दिसलं नाही असं धरायचं? १९५० च्या दशकात रडारच्या अभ्यासातून सिग्नल डिटेक्शनचे गणित पुढे आले. त्याने दाखवले की माणसाची पारख आणि हो म्हणण्याची त्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरट माणूस दिसलेलंही दिसलं नाही म्हणतो. २०१७ साली आणखी एक धोका ठळकपणे मांडला गेला. ज्यांची दिसण्याची चाचणी कमी आली तेवढेच लोक वेचून काढले, तर त्यांत नुसत्या नशिबाने कमी मार्क पडलेलेही येतात. पहिल्या सेशनलला सर्वांत कमी मार्क पडलेल्यांची सरासरी दुसऱ्या सेशनलला आपोआप थोडी वर येते, तसंच हे. त्यावरून अबोध मनाचा चमत्कार सिद्ध होत नाही.

शेवटची वर्षे

फेक्नर म्हातारपणीही स्वस्थ बसला नाही. १८७१ साली ड्रेस्डेनला होल्बाइन या चित्रकाराच्या नावावर असलेली मॅडोनाची दोन चित्रे शेजारी शेजारी मांडली होती. अस्सल कोणते यावर पंडितांची भांडणे चालू होती. फेक्नरने तिथे एक वही ठेवली आणि लोकांना जास्त सुंदर कोणते ते लिहायला सांगितले. प्रदर्शनाला ११ हजारांवर लोक आले. वहीत लिहिले फक्त ११३ जणांनी, आणि त्यांतलीही पुष्कळ उत्तरे नियमाप्रमाणे नव्हती! मेसच्या सजेशन रजिस्टरची अवस्था पाहता आपल्याला यात काही नवल वाटू नये. पण सौंदर्यावरही लोकांना विचारून, मोजून बोलता येईल ही कल्पना त्या वहीतून पुढे आली.

त्याच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत त्रास दिला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. १८७९ साली त्याच्याच लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंटने मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली आणि फेक्नरच्या पद्धती तिथे रोजच्या वापरात आल्या. १८ नोव्हेंबर १८८७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, फेक्नर वारला. अंत्यविधीच्या वेळी वुंटनेच त्याच्यावर भाषण केले. आज जगभरचे मनोभौतिकीचे अभ्यासक २२ ऑक्टोबर हा दिवस फेक्नर दिन म्हणून पाळतात. जन्माचा नाही, मरणाचा नाही, तर एक कल्पना सुचल्याचा दिवस!

जाता जाता

मित्रांनो, फेक्नरचा नियम आज जसाच्या तसा कुणी मानत नाही. काही संवेदना लॉगॅरिदमने वाढतात, काहींना दुसरे सूत्र जास्त लागू पडते. उंबरठा ही एक ठाम रेघ आहे हेही आता मानले जात नाही. मग उरले काय? उरल्या त्या पद्धती. उत्तर जुनं झालं, पण उत्तर शोधायची रीत दीडशे वर्षांनंतरही कामाला येते. फेक्नरची चूकसुद्धा दुसऱ्यांना सापडली ती त्याच्याच रीतीने, कारण शंकेचा रकाना त्याने उघड ठेवला होता.

एक कबुली देतो. सेकंड इयरला एका प्रॅक्टिकलमध्ये माझं एक रीडिंग ग्राफवर बसत नव्हतं. मी ते खोडलं आणि सिनियरच्या फाइलमधलं लिहिलं. ग्राफ सरळ आला, सही मिळाली. फेक्नरबद्दल वाचल्यावर ते खोडलेलं रीडिंग मला आठवत राहिलं. कदाचित वायर सैल होती. कदाचित ते रीडिंग काही सांगत होतं. आता ते कधीच कळणार नाही. २४ हजार नोंदी ठेवणाऱ्या माणसापुढे माझ्या दहा ओळींच्या ऑब्झर्व्हेशन टेबलची लाज वाटली, खरंच.

आणि हो, दुसरी गोष्ट डोळ्यांची. सूर्याकडे काळ्या काचेतून पाहायचे प्रयोग चुकूनही करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत मोबाईलमध्ये डोळे घालून पीडीएफ वाचणाऱ्यांनीही जरा जपावं. फेक्नरला त्याचे डोळे परत मिळाले, पण मधली तीन वर्षं गेली ती गेलीच.

आज रात्री गच्चीवर गेलात तर चिमण्यांच्या दिव्यांच्या वर, जिथे काहीच नाही असं वाटतं, तिकडे थोडा वेळ पाहा. दिसणार काहीच नाही. पण काहीतरी डोळ्यांत पडत असेल.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन